लेकुरवाळी हळकुंडं

“दुकान दाखवा की मला एकदा,” विहीणबाई म्हणाल्या, आणि चंद्राबाईच्या हातातली पळी आमटीच्या पातेल्यावर तशीच थांबली. खरं तर थांबण्यासारखं काही झालं नव्हतं. शालनचं लग्न ठरलं होतं, तिची होणारी सासू सातारच्या या दोन खोल्यांत पहिल्यांदाच जेवायला आली होती, आमटी मागून घेत होती आणि मसाला कुठला म्हणून विचारत होती. मुलीच्या आईला याहून काय हवं असतं. पण चंद्राबाईला आत कुठंतरी किणकिणल्यासारखं झालं. गेल्या थंडीत कोयनेचा भूकंप झाला त्या पहाटे फळीवरच्या बरण्या आधी नुसत्याच किणकिणल्या होत्या, भिंतीला चीर नंतर गेली. तसं ते किणकिणणं होतं. “सांगलीचा,” ती म्हणाली. “सांगली लय मोठी हाय,” विहीणबाई भात कालवत म्हणाल्या, “सांगलीत कुणाचा?” “आहे एक दुकान. पेठेत.” “मग चला की. गाडी काय दारात नुसती उभीच असती. लग्नाची हळद बी तिथनंच आणू.” नानासो, म्हणजे चंद्राबाईचा नवरा, कचेरीत कारकुनी करून करून बोलणं विसरलेला माणूस, नेमका त्या दिवशी बोलला. “जा की. एरवी एसटीत पिशव्या मांडीवर घेऊन जातीस, यंदा मोटारीतनं जा. दुकानदार उठून उभा राहील.” सगळे हसले. चंद्राबाईही हसली, आणि पळीतली आमटी विहीणबाईंच्या वाटीत न पडता ताटात पडली.

कुठल्या गावी काय चांगलं मिळतं हा चंद्राबाईचा भूगोल होता. शाळेतला भूगोल तिच्या वाट्याला फारसा आला नव्हता. कुंडलच्या शाळेत चार बुकं झाली आणि पुढचं वाचन तिनं पुड्यांच्या कागदांवर केलं. डाळ डब्यात ओतायची, कागद मांडीवर सरळ करायचा आणि कुठल्याशा लांबच्या गावची अर्धी बातमी वाचून उरलेली मनानं पुरी करायची. नकाशात तिला नद्या दाखवता आल्या नसत्या, पण गूळ कराडात कुठल्या वखारीतून घ्यावा, औंधला यमाईच्या जत्रेत कुठल्या पालातले चुरमुरे शेवटपर्यंत कुरकुरीत राहतात, पाचगणीच्या बेकरीतली खारी कुणी आणून दिली तर ती आधी उन्हात का ठेवावी, हे सगळं ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. आळीतल्या बायका तिला हसायच्या आणि तिच्याच हातात पिशव्या द्यायच्या. या सगळ्या भूगोलाची राजधानी म्हणजे सांगलीतलं ते दुकान. दर उन्हाळ्यात ती एसटीनं जायची, हळद आणि कांदा-लसणीचा मसाला घेऊन यायची आणि आळीभर वाटायची. शेजारच्या अंबूबाईंनी एकदा विचारलं होतं, “कुणाचं हो दुकान? लिंगायताचं का?” चंद्राबाईनं पदराची घडी नीट केली होती. “व्यापारी आहेत. जुने.” यात खोटं काही नव्हतं. दुकान चालवणाऱ्या चांदबीच्या सासऱ्यापासूनचं ते दुकान होतं. जुनं नाहीतर काय.

गाडी विहीणबाईंची, चालवायला धोंडिराम. विहीणबाईंचे मालक कोरेगावचे, बांधकामाचे मक्तेदार. भूकंपानंतर त्यांच्या गाडीला धुळीतून सवड नव्हती, पण आज ती धुवून पुसून आणली होती. चंद्राबाई मागच्या सीटवर अंग चोरून बसली. एसटीत ती कशी पसरून बसायची. उंब्रज गेलं, कराड गेलं, पुलाखाली कोयना उन्हात नुसती पडून होती, आणि तिच्या मनात एकच गोष्ट गोल गोल फिरत होती: तुम्ही गाडीतच बसा, ऊन फार आहे, मी पटकन घेऊन येते. हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हणून पाहिलं की त्याची चव गेली. पदराच्या टोकाला तिनं अक्षता बांधल्या होत्या. घरातून निघताना देवापुढच्या वाटीतल्या कुंकू लावलेल्या चिमूटभर तांदळांना गाठ मारताना शालननं तिला पाहिलं होतं आणि विचारलं होतं, “कुणाला गं?” “आहे एकजण.” मागच्या उन्हाळ्यात चांदबी मिरच्या चाळता चाळता म्हणाली होती, “लेकीच्या लग्नाला बोलीवशील का गं, का मी नुसती हळदच धाडायची?” आणि चंद्राबाई म्हणाली होती, “तुला अक्षत द्यायला मी स्वतः येईन.” अगदी असंच म्हणाली होती. बोलताना किती सोपं असतं. बोळ असतो, उंबऱ्यावर सावली असते, मिरचीच्या खकाण्यानं दोघींच्या नाका-डोळ्यांतून पाणी येत असतं, आणि ऐकायला कुणी नसतं.

तो उंबरा तिला पहिल्यांदा सापडला तेव्हा ती दुकान शोधतच नव्हती. आईला सांगलीच्या दवाखान्यात ठेवली होती, शालन पोटात होती, आणि डॉक्टर काहीतरी बोलले ते ऐकून ती बाहेर पडून चालत सुटली होती. पाय थांबले तिथं बसली. वरून आवाज आला, “आत सावलीला बस की गं. हितं कोण इचारतंय.” बाईनं तोंडाला ओढणी बांधलेली, फक्त डोळे दिसत होते, आणि दोन्ही हात कोपरापर्यंत मिरचीनं लाल. तिनं पाणी दिलं. मग काही न विचारता भाकरी दिली, तिच्यावर तेलात कालवलेला मसाला. चंद्रा ती रडत रडत खात सुटली, आणि डोळ्यांतलं पाणी रडण्याचं किती आणि तिखटाचं किती ते तिचं तिलाही कळेना. नाव विचारलं तेव्हा ती बाई ओढणी खाली करून हसली. “तू चंद्रा, मी चांदबी. घ्या. एका दुकानात दोन चंद्र.” आई गेली त्या दिवशीसुद्धा चंद्रा तिथंच जेवली होती. आणि घरी सासूनं विचारलं, दिवसभर खाल्लंस काय, तेव्हा तिनं सांगितलं होतं, उपास होता. म्हणजे लपवायची सुरुवात आजची नव्हती. हे तिला आत्ता, इस्लामपूरच्या फाट्यावर, उसाच्या गाड्यांमागे मोटार अडकली असताना सुचलं, आणि सुचलं ते तिनं पदराच्या गाठीबरोबर मुठीत धरून ठेवलं.

“गप का झाला?” विहीणबाईंनी विचारलं. त्या खिडकीतून बाहेर बघत शेंगा खात होत्या आणि टरफलं पिशवीत टाकत होत्या; गाडी खराब होऊ नये म्हणून नव्हे, म्हशीला घालायला. चंद्राबाईला त्यांची भीती वाटायची ती नेमकी कशाची, हे तिला सांगता आलं नसतं. सुपारी फुटली तेव्हा त्यांनी हुंडा मागितला नाही, मानपान मागितला नाही. फक्त म्हणाल्या, “हळद तेवढी सोवळ्यातली असू द्या बाई. आमच्यात हळदीला लय जपत्यात.” सोवळ्यातली. तो एक शब्द चंद्राबाईनं घरी आणला, त्याला पाणी घातलं, आणि इतक्या दिवसांत त्याचं झाड झालं. लग्न मोडलेल्या मुली तिनं पाहिल्या होत्या. कशावरूनही मोडतं. आणि शालन त्या मुलाचं नाव निघालं की फडताळ आवरायला लागायची, आवरलेलंच पुन्हा आवरायची. आईला ते दिसत होतं.

“काही नाही,” ती म्हणाली, “ऊन फार आहे. तुम्ही आपल्या गाडीतच बसा, मी पटकन—” “वा. एवढ्या लांबनं मी काय गाडीत बसायला आले?”

आयर्विन पूल ओलांडून गाडी पेठेत शिरली तेव्हा हळदीचा वास आत आला. या दिवसांत सांगलीला तो असतोच. हरिपूरकडे नदीकाठी हळदीची पेवं उघडतात, जमिनीत खोल गाडलेली हळद गाड्या भरभरून येते, आणि सगळं गाव लग्नघरासारखं पिवळं होतं. चांदबीनं एकदा सांगितलं होतं की पेवाचं तोंड उघडलं म्हणून माणूस लगेच खाली उतरत नसतो. “आतली हवा कोंडल्याली असती. आदी ती जाऊ द्याची. घाई केली तर माणूस हळदीतच ऱ्हातो.” चंद्राबाईला ते ऐकून शहारा आला होता. आता बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली आणि धोंडिराम म्हणाला, “म्होरं न्हाई जायाची, आक्का,” आणि ती उतरली.

बोळ तोच होता. तिसऱ्या दुकानाच्या उंबऱ्यावर चांदबी बसली होती, तोंडाला ओढणी, मांडीवर चाळण. तिनं आधी लुगड्याचा जरीकाठ पाहिला, मग वर पाहिलं, आणि तिचे डोळे हसले. तोंड झाकलेलं असलं की डोळे जास्त हसतात. चाळण बाजूला ठेवत ती अर्धी उठली. “आलीस व्हय गं—”

“इकडून या विहीणबाई,” चंद्राबाई म्हणाली, “पायाखाली बघा, खड्डा आहे.” हा आवाज तिनं साताऱ्यात कमावला होता, कचेरीतल्या साहेबांच्या बायका आल्या की तो वापरायचा. तिची नजर चांदबीच्या कपाळावरून, मागच्या पोत्यांवरून, भिंतीवरच्या मक्केच्या चित्रावरून अलगद पुढे गेली, आणि पलीकडच्या मोठ्या पाटीवर जाऊन बसली. एवढंच झालं. कुणी तोडून बोललं नाही, कुणी तोंड फिरवलं नाही. ती फक्त चालत राहिली, आणि पाठीला कळत होतं की मागं एक बाई अर्धी उठलेली आहे, आणि आता तिला एकतर पुरं उठावं लागेल नाहीतर खाली बसावं लागेल. चाळणीचा आवाज पुन्हा यावा म्हणून चंद्राबाईनं कान टवकारले. आला नाही.

मोठ्या दुकानात काचेच्या बरण्या होत्या, पंखा होता, देवाच्या तसबिरीला ताजा हार होता. “बसा बाई. पहिल्यांदाच आलात?” शेठ म्हणाला. “असं काय शेठ,” चंद्राबाई हसली, आणि ते हसू तिलाच नवीन होतं. “दर साल येते मी. विसरलात?” शेठ धंद्यातला माणूस. “हां हां. आठवलं की. काय देऊ, नेहमीचंच?” एका खोट्याला दुसऱ्या खोट्यानं नमस्कार केला. मसाला आला, हळद आली, ओटीची हळकुंडं आली, सगळी सारखी, सुटी, शाळेतल्या पोरांसारखी एका मापाची. विहीणबाईंनी मसाल्याची पुडी नाकाशी नेली, थोडा वेळ धरली, आणि म्हणाल्या, “हं.” त्या “हं”मध्ये काय होतं हे शोधत चंद्राबाई बोळातून परत आली, आणि शोधायला काहीतरी होतं म्हणून तिला तिसऱ्या दुकानाकडे बघावं लागलं नाही. उंबऱ्यावर कुणी नसावं. डोळ्याच्या कोपऱ्यातून नुसता उंबरा दिसल्यासारखं वाटलं.

गाडी सुरू झाली होती तेव्हा हाक आली. “आवं बाई. ओ बाई.”

चांदबी पळत आली होती. तिला पळताना चंद्रानं कधी पाहिलं नव्हतं. जाडजूड बाई, गुडघे दुखायचे तिचे. ओढणी गळ्यात आली होती, धाप लागली होती, आणि हातात एक गाठोडं होतं, धुतलेल्या पांढऱ्या फडक्याचं. खिडकीशी येऊन तिनं ते पुढं केलं. “तुमचं गठुडं पडलं बगा दुकानाम्होरं.” आवं. तुमचं. इतक्या वर्षांत तिनं चंद्राला कधी अहोजाहो केलं नव्हतं. चंद्राबाईनं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिथं कुठंतरी टोमणा असेल, ओठाच्या कोपऱ्यात, भुवईत, म्हणून शोधलं. असता तर तिचं बरं झालं असतं. पण चांदबी परक्या बाईकडे जसं बघायचं तसं नीट बघत होती, हरवलेली वस्तू परत करणाऱ्या बाईसारखी. इतकं नीट की चंद्राबाईला कळलं, बोळात तिनं काय केलं ते या बाईला तिच्याआधी समजलं होतं. समजून ती आत गेली होती, गाठोडं बांधून ठेवलेलं होतंच ते घेऊन आली होती, आणि येता येता खिडकीशी काय बोलायचं तेही ठरवून आली होती.

“काय हाय त्यात?” विहीणबाईंनी वाकून विचारलं.

“हळकुंडं हाईत जणू. कुणाचं तर लगीन हाय वाटतं.”

“हो,” चंद्राबाई म्हणाली. “आमचंच.” आणि तिनं गाठोडं घेतलं.

“उन्हाची पळत आली बिचारी,” विहीणबाई म्हणाल्या. “हातावर काय तर ठेवा की तिच्या.”

चंद्राबाईचा हात खाली गेला. डावीकडे पदराची गाठ होती. उजवीकडे कमरेला चंची होती. नंतर तिला वाटत राहिलं की तो हात थोडा वेळ मध्येच थांबला होता. पण थांबला नव्हता, तो सरळ चंचीत गेला होता. तिनं चार आणे काढले आणि चांदबीच्या तळहातावर ठेवले. त्या हातावर, कोपरापर्यंत लाल. चांदबीनं नाण्याकडे पाहिलं, ते कपाळाला लावलं, दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा, भवानीचा पैसा लावतात तसं. “लेक सुखी ऱ्हाऊ दे तुमची,” ती म्हणाली आणि वळली. जाताना पळाली नाही. गुडघ्यावर हात टेकत टेकत गेली.

पूल मागं पडला, सांगलीवाडी मागं पडली. दोन्ही बाजूंना ऊस होता आणि खिडकीतून येणारा वारा तापलेला होता. विहीणबाईंनी गाठोडं आपल्या मांडीवर घेतलं आणि गाठ सोडली. चंद्राबाईला म्हणायचं होतं, राहू द्या, घरी गेल्यावर बघू. पण शब्द मिळेपर्यंत फडकं उघडलं होतं. लेकुरवाळी हळकुंडं होती. एका मोठ्या कांडीला चिकटून तीन-चार लहान, काहींना त्याहून लहान. आईच्या अंगाला बिलगलेली पोरं असावीत तशी. नवरीच्या ओटीला हीच लागतात, आणि ही विकत मिळत नाहीत. पोत्यामागून पोतं निवडताना कुणाच्या तरी हाताला लागतात, मोडू न देता बाजूला ठेवावी लागतात. एवढी जमवायला एक हंगाम पुरत नाही. चांदबी केव्हापासून ठेवत आली असेल? शालन परकर नेसायची तेव्हापासून? “ही काय रस्त्यात पडायची वस्तू हाय व्हय,” विहीणबाई हळूच म्हणाल्या. हळकुंडांच्या खाली एक पुडी होती. त्यांनी ती उघडली. वर हिंगाचा खडा, खाली लालभडक मसाला. सगळ्या गाडीत वास पसरला आणि पुढं बसलेला धोंडिराम शिंकला. विहीणबाईंनी बोटाला लावून जिभेवर ठेवला, डोळे मिटले. “हाच की,” त्या म्हणाल्या. “ही त्या आमटीची चव.”

चंद्राबाईनं पदराची गाठ आणखी घट्ट धरली.

“कोण ती?”

“चांदबी.”

“वळखीची?”

“हो.”

“लय?”

तिला सांगायचं होतं की आई गेली त्या दिवशी मी तिच्या ताटात जेवले. तोंडातून आलं, “व्हय.” साताऱ्यात आल्यापासून हा शब्द तिनं कुणासमोर वापरला नव्हता.

विहीणबाईंनी पुडी मिटली, एकेक घडी नीट दाबून. “मग मला सांगायचं न्हाई का बाई? मी परकी समजून हातावर काय तर ठेवा म्हनले.” त्यांचा आवाज चढला नव्हता. उलट त्यांनाच कसंतरी झालं होतं. “मला वाटलं, तुमाला चालायचं न्हाई. सोवळ्यातली म्हनाला होता तुम्ही,” चंद्राबाई म्हणाली. आपल्या तोंडाचं बोलणं कुंडलकडे निघालं आहे हे तिला कळत होतं, थांबवता येत नव्हतं. “म्हंजी शिळी नको, भेसळीची नको,” विहीणबाई म्हणाल्या. “तुमच्या कुंडलात मुलाणी न्हाई का? आमच्यात त्यानं बकऱ्याला हात लावल्याबिगर लग्नाचं जेवान होत न्हाई. माझ्या सासूपासनं मसाला त्याच्याच घरचा. अन् तुमी मला त्या काचंच्या दुकानात बसीवलं.”

कुंडलात मुलाणी होता. चंद्राच्या स्वतःच्या लग्नात त्यानंच बकरं केलं होतं, आणि तिच्या बापानं त्याला पहिल्या पंगतीला पानावर बसवून आग्रह केला होता. हे तिला माहीत नव्हतं असं कुणी म्हणू शकलं नसतं. माहीत होतं, पुडीच्या कागदावर अर्धं वाचून सोडलेल्या बातमीसारखं कुठंतरी पडून होतं. मग ती इतकी वर्षं कुणाला भीत होती? विहीणबाईंना नाही, अंबूबाईंना नाही, मेलेल्या सासूलासुद्धा नाही. असा एक माणूस तिला आठवेना. तिनं एकेक तोंड डोळ्यांपुढं आणून पाहिलं, आणि प्रत्येक जण आमटीची वाटी पुढं करत होता.

विहीणबाईंनी गाठोडं पुन्हा बांधलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. मग तिच्या पदराच्या टोकाकडे त्यांची नजर गेली. गाठ इतका वेळ मुठीत राहून ओली झाली होती आणि कुंकवाचा डाग बाहेर फुटला होता. “अक्षत हाय व्हय? तिची?” चंद्राबाईनं मान हलवली. त्यांनी थोडा विचार केला आणि पुढं वाकल्या.

“धोंडिराम, गाडी वळवायला जागा हाय का रं?”

“हाय की. त्या म्होरल्या चिंचंखाली. आष्टा बी अजून आलं न्हाई.”

गाडीचा वेग कमी झाला. चिंच जवळ आली, तिची सावली रस्त्यावर पडली होती. धोंडिरामनं मागं वळून बघितलं. विहीणबाई चंद्राबाईकडे बघत होत्या, आणि त्यांच्या तोंडावर राग नव्हता, घाई नव्हती. चंद्राबाईला तो बोळ दिसला. उंबरा दिसला. तो लाल हात पुढं झालेला दिसला, आणि त्यावर आधीच ते नाणं ठेवलेलं होतं. अक्षत ठेवायला तिथं जागाच नव्हती.

“नको,” ती म्हणाली, आणि तिचा तो साताऱ्याचा आवाज पुन्हा जागेवर आला होता. “उशीर होईल.”

चिंच मागं गेली. उन्हं अजून डोक्यावरच होती.